सालदार कोण आहे?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस उरले होते. संध्याकाळचे साडेपाच-सहा वाजले असतील. ओट्यावर पाणी मारून झाले होते आणि तापलेल्या फरशीतून उठणारी ती ओलसर, मातकट वाफ अजून विरली नव्हती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे जळगावला आलेले नाना, म्हणजे माझे वडील, काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. समोरच्या काकू खाटेवर पसरलेल्या जुन्या धोतरावरून वाळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एकेक करून सोडवत होत्या. गल्ली इतकी शांत होती, की बिबडा कापडापासून सुटतानाचा तो बारीक चर्र आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता. तेवढ्यात पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला एक मुलगा मोटारसायकलवरून आला, दोन घरांच्या मधोमध थांबला, त्याने मोबाइलमध्ये पाहिले आणि सगळ्या गल्लीला उद्देशून हाक दिली, "सालदार! ओ सालदार भाऊ! पार्सल आहे!"

सालदार मी आहे.

सालदार म्हणजे सालाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. गेली वीस वर्षे इंटरनेटवर मी याच नावाने वावरते आहे. कुठेही खाते उघडायचे झाले, की नावाच्या चौकटीत बोटे आपोआप हीच अक्षरे उमटवतात. खरेदीच्या ॲपवरही कधीतरी तसेच झाले असणार. एरवी पार्सल आणणारी मुले आधी फोन करतात, त्यामुळे नावाचा प्रश्न कधी उद्भवला नव्हता. त्या दिवशी फोन आत चार्जिंगला लावलेला होता आणि त्याचा आवाज बंद होता. ती हाक ऐकताना मला जे झाले ते आजही नीट सांगता येत नाही. हे नाव हजारो वेळा लिहिले गेले होते, वाचले गेले होते, त्याला उद्देशून लोकांनी भांडणे केली होती, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या; पण माणसाच्या गळ्यातून निघालेले ते मी त्या क्षणापर्यंत एकदाही ऐकले नव्हते. न्हाणीघरात गुणगुणायची ओळ कोणीतरी भर चौकात लाउडस्पीकरवर लावावी, तसे काहीसे वाटले. नानांनी मान वळवून अहिराणीत विचारले, "कोन शे हाऊ सालदार?" काकूंनी हातातला बिबडा तसाच धरून हसत विचारले, "शेती घेतली की काय गं तुम्ही?" आणि मी दारात उभी राहून त्या मुलाला अगदी स्वच्छ आवाजात सांगितले, की इथे कोणी सालदार राहत नाही, पत्ता चुकला असेल. त्याने घर क्रमांक वाचून दाखवला. तो बरोबर होता. मी म्हटले, नाव तर आमचे नाही ना. तो गेला. त्या खोक्यात कूलरचा पंप होता, आणि ज्यांनी जळगावचा वैशाख काढला आहे त्यांना पंपावाचून कूलर म्हणजे काय हे सांगायला नको. दोन दिवस आम्ही उकाड्यात काढले आणि शेवटी मी बाजारातून जास्त पैसे मोजून दुसरा पंप आणला. ॲपवर मात्र नोंद झाली होती, की ग्राहकाने वस्तू स्वीकारण्यास नकार दिला.

वस्तूचे काही नाही. मी नाव नाकारले होते, आणि तेही नानांच्या देखत, हे मला सलत राहिले. नानांच्या देखत का, ते पुढे येईलच.

2005 साल होते. शिक्षण संपवून मी एका संस्थेत एका वर्षाच्या करारावर कारकुनाचे काम धरले होते. सुटीच्या दिवशी मैत्रिणीबरोबर सायबर कॅफेत जाण्याची चैन तेवढी परवडत असे. प्लायवूडच्या आडोशांनी केलेले एकेक माणूस मावेल असे कप्पे, त्यांना लावलेले मळकट पडदे, कळफलकावरची पुसलेली अक्षरे, वरून पंख्याचा खडखडाट आणि मालकाच्या टेबलावर जळणाऱ्या उदबत्तीचा वास, एवढे सगळे आजही जसेच्या तसे आठवते. गप्पांच्या खोलीत, म्हणजे इंटरनेटवरच्या चॅटरूममध्ये, पहिल्यांदा शिरले तेव्हा मी भाबडेपणाने स्वतःचे नाव आणि त्यापुढे जन्मसाल लिहिले. एका मिनिटात पडद्यावर इतक्या खिडक्या उघडल्या, की संगणक अडकला. प्रत्येक खिडकीत तेच तीन प्रश्न होते: वय किती, बाई की पुरुष, राहता कुठे. वय आणि गाव यांना फारसे महत्त्व नव्हते, हे समजायला वेळ लागला नाही. मैत्रीण म्हणाली, असे नाव घे ज्यात बाई दिसणार नाही. त्या काळात इंटरनेटवर आलेल्या किती मुलींनी या एकाच कारणासाठी नद्यांची, पक्ष्यांची, दगडांची किंवा सरळ पुरुषांची नावे घेतली असतील, याची मोजदाद कोणी करणार नाही. लोकांना वाटते, टोपणनाव घेणारा मौजेखातर मुखवटा लावतो. आम्ही तो उन्हात रुमाल बांधावा तसा बांधला होता.

मी "सालदार" लिहिले. एका वर्षाचा करार, वर्षअखेरीस पुन्हा मालकापुढे उभे राहून "यंदा ठेवता का" असे विचारणे, उचल, कपात, सगळे जुळत होते. मला तो फार मार्मिक विनोद वाटला होता. साधारणपणे मनाजोगते नाव लिहिले, की संगणक ते आधीच घेतले गेल्याचे सांगतो आणि मग माणूस त्यापुढे आकडे चिकटवत बसतो. माझ्या मैत्रिणीला तिच्या नावापुढे चार आकडे लावावे लागले होते. सालदार हे नाव मात्र पहिल्या फटक्यात मिळाले. ना आकडा, ना रेघ. मी खूश झाले. ते मोकळे का होते, याचा विचार करण्याचे ते वय नव्हते. ते मोकळे होते, कारण ज्यांचे ते नाव होते त्यांच्यापैकी कोणी त्या दिवशी संगणकापुढे बसलेले नव्हते.

पुढे या नावाने मजाही पुष्कळ आली. रोमन अक्षरांत लिहिलेले ते नाव पुण्या-मुंबईची माणसे "सलादर" वाचत. एकाला ते कोशिंबिरीशी संबंधित वाटले. दिल्लीकडच्या एका गृहस्थांनी त्यात "साला" शोधून काढला आणि मी फार रंगेल माणूस असणार, असा निष्कर्ष काढला. फक्त आपल्याकडचे लोक ते नीट वाचत आणि लगेच विचारत, "कोणत्या गावचे, भाऊ?" तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची माणसे अशी एकेका शब्दाने ओळखू येत. माझ्या लक्षात आले होते, की पुण्यात, सुरतेला किंवा आखातात गेलेल्या आपल्या लोकांची नावे हमखास खाण्याची किंवा पाण्याची असतात: शेवभाजी, कळण्याची भाकर, भरीतपार्टी, तापीकाठ, बोरीचं पाणी. इथेच राहिलेली पोरे मात्र किंग, टायगर, डेव्हिल असली नावे घेतात आणि त्यापुढे न चुकता एकोणीस लिहितात. हा एकोणीस जन्मतारखेचा नसतो. तो जळगावच्या गाड्यांच्या पाटीवरचा असतो. धुळ्याची पोरे अठरा लिहितात, नंदुरबारची एकोणचाळीस. म्हणजे राजा व्हायचे ते साऱ्या जगाचे, पण आरटीओ आपलाच.

माझ्या भाच्याचे प्रकरण आणखी वेगळे आहे. 2020 च्या सप्टेंबरात त्याचा मोबाइलवरचा लाडका खेळ भारतात बंद झाला आणि पुढच्या वर्षी नवे नाव घेऊन परत आला, तेव्हा त्याने आनंदाने मिठाई मागितली होती. खेळानेच नाव बदलले तर खेळणाऱ्याने का मागे राहावे? गेल्या दोन वर्षांत त्याची सहा नावे झाली. खेळात एकदा घेतलेले नाव बदलायचे तर त्यासाठी वेगळे कार्ड लागते आणि ते मिळवण्यासाठी तो परीक्षेच्या अभ्यासापेक्षा जास्त कष्ट घेतो. त्याच्या नावाच्या दोन्ही बाजूंना महिरपीसारखी नक्षी असते. लग्नपत्रिकेवर गणपतीच्या दोन बाजूंना असते तशीच. मी त्याला विचारले, एवढी वेलबुट्टी कशाला? तो म्हणाला, "मावशी, साधं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं असतं." मला ते उत्तर आवडले. नक्षीमागे हौस असेल असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ती गर्दीतून वाट काढण्यासाठी होती. आताचे नाव का घेतले, असे विचारल्यावर मात्र त्याने मोबाइल छातीशी धरला आणि म्हणाला, "ते नाही सांगणार."

तो प्रश्न विचारायचा नसतो, हे मला माहीत असायला हवे होते. पाळण्यातल्या नावाचा अर्थ आपण खुशाल विचारतो. सांगणाऱ्यालाही त्यात अभिमान वाटतो. स्वतः घेतलेल्या नावाचा अर्थ विचारला, की माणूस एकदम आक्रसतो. त्यात कोणाचे तरी नाव दडलेले असते, एखादी हुकलेली गोष्ट असते, किंवा काहीच नसते आणि काहीच नाही हे सांगण्याची लाज असते. आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या ग्रुपवर एका क्रमांकापुढे नावाच्या जागी नुसता एक ठिपका आहे. तो ठिपका दर दोन दिवसांनी विचारतो, "आज नळ येणार का?" कोण बाई, कोण पुरुष, कोणत्या मजल्यावरचा, कोणालाच ठाऊक नाही. फोनमध्ये न साठवलेल्या माणसाच्या नावाआधी ती लाटेसारखी वळणदार खूण येते, तिच्यामागे तो ठिपका पाण्यात पडलेल्या खड्यासारखा दिसतो. मला त्या ठिपक्याबद्दल आदर आहे. नाव मागणाऱ्या चौकटीला त्याने नकारही दिला नाही आणि नावही दिले नाही.

आणखी एक होते "खापर". ऑर्कुट या जुन्या सोशल नेटवर्कच्या दिवसांत त्यांची-माझी ओळख झाली. पुरणाचे मांडे, उलटे खापर, त्याखालचा काटक्यांचा जाळ, हातांवर झेलत झेलत मोठा केलेला मांडा खापरावर पडतानाचा आवाज, यांवर आम्ही रात्र-रात्र लिहिले असेल. आई गेली तेव्हा मी पहिल्यांदा कोणाला कळवले असेल तर ते खापराला. 30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झाले. तीन महिने आधी सगळ्यांना सूचना आली होती, पण मी निरोपाचे काही लिहिले नाही. सापडतीलच कुठेतरी, असे वाटले. नंतर शोधायला बसले तेव्हा लक्षात आले, की मला त्यांचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, ते काका आहेत की काकू हेही माहीत नाही. मांडा उलटताना त्यांच्या आईच्या मनगटाला बसलेल्या चटक्याचा डाग कुठे होता, हे मात्र माहीत आहे.

नाव न कळू देणे ही काही इंटरनेटने शिकवलेली विद्या नव्हे. माझ्या आजोबांचे नाव उखर्डू. त्यांच्या आधीची दोन भावंडे वाचली नव्हती. म्हणून हे जन्मल्यावर त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवले, शेजारणीने उचलले आणि पसाभर जोंधळे घेऊन पणजीला परत विकले, अशी घरातली हकीकत आहे. आपल्याकडे प्रत्येक जुन्या घरात एखादा उखर्डू, धुडकू, दगडू, भिका सापडतो. टाकाऊ नाव दिले, की मृत्यूची नजर त्यावरून घसरते, असा तो विश्वास होता. सायबर कॅफेत मी केले ते यापेक्षा फार निराळे नव्हते. माझ्या नावावरूनही काही नजरा घसरून जाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. फरक इतकाच, की आजोबांना ते नाव पुसून दुसरे लिहिण्याची सोय नव्हती.

आणि ते सालदार होते. विनोद म्हणून नव्हे. चोपडा तालुक्यातल्या एका गावी, एकाच वाड्यावर, सव्वीस वर्षे. आखाजीला साल ठरायचे: इतके धान्य, इतकी रोकड, कपड्यांचे दोन जोड, एक घोंगडी, पायात वहाणा. मधल्या काळात दुखण्याखुपण्याला, लग्नाकार्याला उचल घेतलेली असायची, ती फिटत नसे, म्हणून पुढचे सालही त्याच वाड्यावर. हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण ऐकलेले आणि जाणवलेले यांत अंतर असते. मी त्यातला फक्त एक शब्द उचलला, झटकला आणि स्वतःच्या छातीवर बिल्ल्यासारखा लावला. त्या दिवशी गल्लीत हाक आली तेव्हा नानांची मान ज्या वेगाने वळली, तो वेग सत्तरी ओलांडलेल्या, डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाचा नव्हता. तो कोणातरी लहान मुलाचा होता.

त्या रात्री गच्चीवर अंथरुणे टाकल्यावर मी त्यांना सांगितले, की नाना, तो सालदार म्हणजे मीच. संध्याकाळी खोटे बोलले. ते काही वेळ आभाळाकडे तोंड करून पडून राहिले आणि मग एकच शब्द बोलले, "काबर?" म्हणजे, का? मी समजावून सांगितले. करारावरची नोकरी, गप्पांच्या खोल्या, मुलीचे नाव पाहून अंगावर येणाऱ्या खिडक्या, सगळे सांगितले. सांगता सांगता ते मलाच पोकळ वाटू लागले, विशेषतः विनोदाचा भाग. त्यांनी हूं की चूं केले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी मी नाव बदलायला बसले. खरेदीच्या ॲपवर ते अगदी सोपे आहे: चौकट उघडायची, जुने पुसायचे, नवे लिहायचे. मी जुने पुसले आणि रिकाम्या चौकटीत लुकलुकणाऱ्या त्या उभ्या रेघेकडे पाहत राहिले, कारण नवे म्हणजे नेमके कोणते, हे मला ठरवता येईना. पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव आणि मध्ये नाना आहेत. आधार कार्डावर सासरचे आडनाव आहे आणि मध्ये नवरा. बँकेत एका खात्यावर पहिले आणि दुसऱ्यावर दुसरे, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत हे पटवण्यासाठी मी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केलेले आहे. माझ्या आईचे तर पहिले नावही राहिले नाही. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि तेव्हापासून जुने नाव फक्त तिच्या भावांच्या तोंडी उरले. तेही वर्षातून एकदा, आखाजीला ती माहेरी जाई तेव्हा, झोक्यापाशी. ती गेल्यावर मामांनी तिला त्याच जुन्या नावाने हाक मारून हंबरडा फोडला आणि अंगणात जमलेल्या निम्म्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, की हे कोणाला म्हणतात? वीस वर्षांत ज्यात एक अक्षरही बदलले नाही, जे मला कोणी दिले नाही आणि लग्नाने ज्याला धक्का लागला नाही, असे माझे एकच नाव आहे, आणि ते आजोबांच्या पाठीवरून उचललेले आहे. मी चौकट तशीच बंद केली. पुन्हा उघडून पाहिले तेव्हा जुने नाव जागेवर होते; जतन करा हे बटण मी दाबलेलेच नव्हते.

नाव दुसऱ्याने दिले काय आणि आपण घेतले काय, ते आपल्या वयाबरोबर चालत नाही, हेही खरे. आमच्या धरणगावात 1890 साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला "बालकवी" म्हणून गौरवले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, नाव अगदी शोभले. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला तेव्हा वय अठ्ठावीसच्या आतबाहेर होते, लग्न झालेले होते, संसाराच्या काळज्या मागे होत्या, आणि तरीही नाव बालकवीच. भुसावळला जाताना गाडी भादलीवरून पुढे सरकते तेव्हा मला दर वेळी त्या "बाल" या दोन अक्षरांचे वाईट वाटते. नाव जपून घेणारेही होते. शिरवाडकरांनी कुसुमाग्रज हे नाव घेतले ते बहिणीवरून, कुसुमचा थोरला भाऊ म्हणून. तसले नाव माणसाला शेवटपर्यंत पुरते. भाऊ कितीही म्हातारा झाला तरी थोरलाच राहतो. आमच्या कार्यालयात नोकरीसाठी आलेल्या अर्जांवर मात्र चाळिशीतल्या गृहस्थांचे ईमेल असतात कूल, क्यूट, प्रिन्स असल्या नावांचे. मी हसत नाही. कुठल्यातरी कॅफेत, कुठल्यातरी दुपारी, तो मुलगा खरोखर प्रिन्स होता.

आखाजीला लेकीने माहेरी जायचे असते. यंदा नाना माझ्याकडेच असल्यामुळे मी त्यांनाच घेऊन चोपड्याला भावाकडे गेले. पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर डांगर, सांजोऱ्या, आमरस, पुरण, सगळे साग्रसंगीत होते. गोवऱ्यांच्या विस्तवावर पितरांच्या नावाने आगारी टाकायची ती दरवर्षी नाना टाकतात; या वर्षी डॉक्टरांनी धुराजवळ जायला मनाई केली होती. म्हणून भाऊ विस्तवापाशी बसला आणि नाना लांब दाराजवळ बसून एकेक नाव सांगू लागले. भाऊ घास टाकत होता. तूप पडले, की चर्र होऊन धुराची एक जाड रेघ उठे आणि तुपाचा, जळक्या पुरणाचा वास घरभर पसरे. आजोबांची पाळी आली तेव्हा नानांनी पूर्ण नाव घेतले. उखर्डू, मग त्यांच्या वडिलांचे नाव, मग आडनाव. प्रत्येक शब्द सुटा, शाळेत हजेरी घेतल्यासारखा.

दुपारी सगळे निजले तेव्हा त्यांनी ते सांगितले. चौथीत त्यांच्या वर्गात एकाच नावाची दोन मुले होती. दुसरा मुलगा वाड्यावरचा. हजेरी घेताना गुरुजी त्याला पूर्ण नावाने पुकारत आणि नानांना म्हणत, "सालदाराचा". एकदा नव्हे, वर्षभर. नाना "हजर" म्हणत. घरी त्यांनी हे कधी सांगितले नाही, कारण घरी ज्यांना सांगायचे तेच सालदार होते. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. पुढे म्हणाले, पोरांना ती हाक आवडायची, ती चालीवर म्हणता यायची. मग पानाचा डबा उघडून चुना शोधू लागले.

नानांनी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. ते हजेरी फार सावकाश घेत. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, साठ मुले असली तरी साठ वेळा. इतर वर्गांत पहिला तास निम्मा सरे, तरी यांची हजेरी चालूच. आम्ही भावंडे त्याची नक्कल करत असू, आईसुद्धा हसायची. त्या दुपारी मला विचारावेसे वाटले, की हजेरी त्यासाठीच का, नाना? पण त्यांना चुना सापडला होता आणि ते पानाच्या शिरा काढण्यात गुंतले होते. मी दुसरेच विचारले, नाव बदलून टाकू का? ते म्हणाले, तुझे नाव आहे, मी कोण सांगणारा. यातला "तुझे" हा शब्द त्यांनी कोणत्या सुरात उच्चारला, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी वाटते दिले, कधी वाटते झटकले.

आम्ही जळगावला परतलो. आता सालदार मिळत नाहीत, मिळाले तर मागतील ते द्यावे लागते, अशी तक्रार गाडीत मागच्या सीटवरचे दोन शेतकरी अमळनेर फाट्यापर्यंत करत होते. नाना खिडकीबाहेर पाहत होते. केळीच्या बागा मागे जात होत्या. नानांना वाचायला सोयीचा व्हावा म्हणून मी एक टेबललॅम्प मागवला होता. तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात कढईत वांगी उलटत होते आणि हात तेलाचे होते. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. तोच मुलगा असावा. या वेळी तो ओरडला नाही, फाटकाशी येऊन ओट्यावरच्या नानांना जरा दबकतच विचारले, "बाबा, सालदार इथेच राहतात ना?"

मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले.

"सालदार नही," नाना म्हणाले. "सालदारनी नात."

मुलाला त्यातले काही कळले असेल असे वाटत नाही. त्याने खोके खाली ठेवले आणि ओटीपी विचारला. नानांनी आतल्या दिशेने हाक मारली. मी फोन पुसत पुसत उघडला आणि मोठ्याने चार आकडे सांगितले. ते चुकीचे निघाले; ते मागच्या पंपाचे होते.